धार, खिंड, पदर आणि नाळ : सिंहगडाकडून कोकणात पायी

"सुट्टीच्या दिवशी चालायचे? आणि तेही डोंगरात? रोजचे चालणे कमी पडते काय तुम्हाला?"

वस्तीतल्या वाचनालयात आम्ही चार दिवसांच्या पायी सहलीचा विचार मांडला, तेव्हा एका माऊलीने हा प्रश्न विचारला. ती रोज सकाळी चार घरची धुणीभांडी करण्यासाठी पाऊण तास चालत जाते आणि तेवढीच चालत परत येते. तिचा प्रश्न चुकीचा नव्हता. कष्टकऱ्याला चालण्याचे कौतुक कुणी सांगू नये.

आम्ही उत्तर दिले ते असे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्या परिषदेसाठी बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघून दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सत्याग्रहींसह पायी महाडला गेले. आपण पुण्याचे लोक २५ डिसेंबरला गाडी करतो, रात्री बसतो, झोप काढतो आणि उजाडता महाडला उतरतो. पुणे आणि महाड यांच्या मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. ती आपण झोपेत ओलांडतो. आमचे वडील भोर तालुक्यातल्या एका गावचे वेसकर. साहेब आला, मामलेदार आला, की त्याचे सामान डोक्यावर घेऊन पुढच्या गावापर्यंत वाट दाखवत जाणे हे त्यांच्या वाट्याचे काम. मजुरी नाही. त्यांना या डोंगरातली प्रत्येक खिंड ठाऊक होती, पण त्यातली एकही वाट ते स्वतःच्या मनाने, स्वतःसाठी चालले नाहीत. पुढे ते पुण्यास आले, खडकीच्या कारखान्यात लागले आणि डोंगराचे नाव पुन्हा काढले नाही.

माऊली म्हणाली, "असं असेल तर मी बी येते." नववीतल्या मुलालाही घेऊन आली.

२०१८ साली दिवसही सोयीचे जुळले. २२ डिसेंबरला चौथा शनिवार, मग रविवार, सोमवारची एक रजा आणि मंगळवारी नाताळची सुट्टी. आम्ही एकूण अकरा जण निघालो. त्यांत तीन भगिनी, रिक्षा चालवणारे एक बंधू, महापालिकेतले दोन सफाई कामगार, बाकी कॉलेजची मुले. स्वारगेटहून सिंहगड पायथ्याची बस धरली आणि आतकरवाडीला उतरलो.

सिंहगड पुणेकरांना सांगायला नको. दोन तासांत चढून गेलो. गडावर पिठले-भाकरी, दही विकणाऱ्या बाया, फोटो काढणारी गर्दी, सारे जिथल्या तिथे होते. परंतु गर्दी पुणे दरवाजाच्या बाजूला असते. पलीकडे कल्याण दरवाजातून बाहेर पडलो आणि दहा मिनिटांत माणूस दिसेनासा झाला. आमची वाट तिथून सुरू झाली.

पहिली जमीन लागली ती धारेची. धार म्हणजे डोंगराची पाठ. दोन्ही बाजूंना उतार आणि मध्ये वाट, कुठे बैलगाडी जाईल एवढी, कुठे एका पावलाची. धारेवर वाट चुकण्याची भीती कमी, कारण दोन्हीकडे खाली दिसत असते. मात्र सावली नाही, पाणी नाही, आणि वारा असा की टोपी हातात धरावी लागते. डिसेंबरात गवत वाळून पिवळे झालेले असते. दिसायला मऊ, पण उतारावर ते तेल लावल्यासारखे सरकते. पहिल्या दिवशी आमच्यापैकी पाच जण बसले ते या गवतावरच. कातळावर कोणी पडले नाही.

धारेवर फसवतात त्या ढोरवाटा. गुरांच्या पायांनी पडलेली वाट माणसाच्या वाटेसारखीच दिसते, किंबहुना जास्त ठळक दिसते. एका गुराख्याने मुलांना ओळख सांगितली. ढोरवाट डोंगराच्या कडेने आडवी, सपाट जाते, झुडपाखालून जाते, माणसाच्या कपाळाला फांदी लागते. थोड्या वेळाने तिच्या चार वाटा होतात आणि चारी गवतात विरतात. माणसाची वाट खिंडीकडे नाहीतर गावाकडे तोंड करून जाते, आणि तिच्यावरचे दगड झिजून गुळगुळीत झालेले असतात. ही ओळख आमच्या मुलांनी पाठ केली आणि पुढचे तीन दिवस प्रत्येक फाट्यावर तिच्यावरून वाद घातला.

धार सोडून सोंडेने उतरलो. डोंगराचा जो फाटा हत्तीच्या सोंडेसारखा उतरत खाली जातो, त्याला इकडे सोंड म्हणतात. चढायला आणि उतरायला सर्वांत प्रामाणिक वाट तीच. खाली विंझर गाव, नसरापूर-वेल्हे डांबरी रस्ता, भात कापून मोकळी झालेली खाचरे. खाचरांतून चालताना बांधावरून चालावे, ढेकळांत पाय मुरगळतो. पण सर्वांत जास्त पाय दुखले ते डांबरी रस्त्यावर, हे कोणी आधी सांगितले असते तर आम्ही मानले नसते. अंधार पडता गुंजवणे गावी पोचलो. मार्गशीर्ष पौर्णिमेची रात्र होती. राजगडाचा सारा आकार चांदण्यात उभा होता आणि दिवसभर कुरकुरणारी मुलेही त्याच्याकडे बघत अंगणात बसून राहिली.

दुसऱ्या दिवसाचा हिशेब आम्ही चुकलो. तो आमचाच दोष, दुसऱ्या कोणाचा नाही.

राजगड हा रायगडाच्या आधीचा शिवछत्रपतींच्या राज्याचा राजधानीचा किल्ला. (२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत जे बारा किल्ले घेतले, त्यांत राजगड आणि रायगड दोन्ही आहेत.) गुंजवण्यातून चोर दरवाजाने चढलो. शेवटचा टप्पा उभा कातळ, कोरलेल्या पावठ्या आणि आधाराला लोखंडी कठडा. वर पद्मावती तळ्याजवळ बाटल्या भरल्या, आणि संजीवनी माचीच्या लांबच लांब दुहेरी तटबंदीतून जाऊन अळू दरवाजाने खाली उतरलो. तिथून तोरण्यापर्यंत पुन्हा धार. नकाशात पाहिले तर बोटभर अंतर.

आम्ही बी.कॉम. झालेले कारकून. माणशी दोन लिटर पाणी, सहा तासांची चाल, असा आकडा वहीत मांडला होता. वहीत ऊन मांडले नव्हते. राजगडाच्या पायऱ्या उतरून धारेला लागलो तोच घसारा सुरू झाला. घसारा म्हणजे मुरूम आणि सुट्या खड्यांची घसरण. तिच्यावर एक पाऊल टाकावे तर अर्धे पाऊल मागे येते. पुढे कारवीचे रान. कारवी माणसापेक्षा उंच, सात वर्षांनी एकदा फुलणारी, तिच्या काठ्यांनी इकडच्या घरांचे कूड भरतात. ओली कारवी धरून उतरता येते, वाळलेली मात्र हातात मोडून येते. या सगळ्यात दोन तास जास्त गेले. डांबरी रस्ता धार ओलांडून जातो, तिथे बसून जेवलो. मुलांनी हात धुण्यातही पाणी घातले. आम्ही म्हणालो, "तोरणा समोर दिसतो आहे, चला." समोर दिसणारा डोंगर जवळ असतो असे नाही, ही गोष्ट लहान मुलालाही समजते.

बुधला माचीच्या शेवटच्या चढाला सर्वांच्या बाटल्या रित्या झाल्या. आमच्या स्वतःच्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे आले. वीस वर्षे खुर्चीवर बसलेले पाय. उभे राहता येईना. दोन वाजले होते. ती माऊली म्हणाली, "भाऊ, तुम्ही सावली धरा, मी बघते," आणि मुलाला घेऊन खालच्या अंगाला धूर दिसत होता तिकडे उतरली. अर्ध्या तासाने तिची हाक आली. आम्ही बसत, सरकत खाली गेलो.

डोंगराच्या मध्यावर, वरचा कडा आणि खालचा कडा यांच्या मधल्या सपाट पट्ट्याला पदर म्हणतात. धारेवर नसलेले पाणी पदरात सापडते, म्हणून वस्तीही पदरातच असते. तिथे धनगराचे एकच घर होते. अंगणात शेळ्या, आणि उंबऱ्यात एक म्हातारी. तिने आमच्याकडे पाहून विचारले, "कुटलं गाव?"

आम्ही म्हणालो, "पुण्याचे."

"पुन्याचं म्हंजी? कुनाचं?"

हा प्रश्न आमच्या वडिलांना प्रत्येक गावच्या वेशीवर विचारला गेला असेल, आणि त्याच्या उत्तरावर पाणी मिळायचे की नाही हे ठरले असेल. घशाला कोरड पडलेली असताना खोटे नाव सांगण्याचा मोह काय असतो ते आम्हाला त्या क्षणी समजले. मागे दहा माणसे उभी होती. तो मुलगाही आमच्या तोंडाकडे बघत होता. आम्ही म्हणालो, "आम्ही बौद्ध."

म्हातारीने हंडा पुढे सरकवला, त्यावर तांब्या पालथा घातलेला होता. "पानी गार हाय, दमानं प्या. एकदम पिऊ नगा, पोटात कळ येती." मग आत जाऊन मीठ घेऊन आली.

एका म्हातारीवरून साऱ्या मुलखाची परीक्षा करू नये. दुसऱ्या उंबऱ्यांचा अनुभवही आमच्या पदरी आहे. पण त्या दिवशी असे झाले, म्हणून असे लिहिले. निघताना पैसे देऊ केले तर ती रागावली. माऊलीने आपल्या पिशवीतला शेंगदाण्याचा लाडवांचा डबा तिथे ठेवला, तो मात्र घेतला.

तोरण्यावर पोचायला सूर्य मावळला. बुधला माचीकडून शिरताना एक-दोन ठिकाणी हातांचाही आधार घेऊन कातळ चढावा लागतो. पाठीवर ओझे असले की तोल मागे जातो, म्हणून पिशव्या आधी वर दिल्या. कोकण दरवाजातून आत जाऊन मेंगाई देवीच्या मंदिरात मुक्काम केला. टाक्याचे पाणी उकळून प्यालो. (आता गडांवरच्या मुक्कामाचे नियम कडक झाले आहेत. जाणाऱ्यांनी आधी चौकशी करावी, नाहीतर पायथ्याच्या गावात राहावे.)

रात्री मुलांनी विचारले की हे डोंगर असे पायऱ्या-पायऱ्यांचे का दिसतात. आमच्यातला एक मुलगा सायन्सचा. त्याने समजावले ते असे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीतून लाव्हा वर आला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. थरावर थर बसले. काही थर टणक, काही ठिसूळ. टणक थर झिजत नाही, त्याचा उभा कडा होतो. ठिसूळ थर पावसाने झिजतो, त्याचा उतार आणि पदर होतो. अगदी वर टणक थर उरला तर तिथे पठार, माची, किल्ला. आणि कड्यात जिथे उभी भेग असते तिथे पावसाचे पाणी शिरून दगड फोडत जाते, त्याची नाळ होते. म्हणजे कुठे चढायचे, कुठे पाणी मिळायचे, कुठून खाली उतरायचे हे सारे त्या थरांनीच ठरवून ठेवले आहे. आमच्या वडिलांना हे शास्त्र माहीत नव्हते, पण हिशेब माहीत होता.

तिसरा दिवस सांगण्यासारखा थोडा, चालण्यासारखा फार. तोरणा उतरून हारपुडमार्गे मोहरीपर्यंत गेलो. हा भाग ना देशाचा ना कोकणाचा. झाडीतून जाणारी सावलीची वाट, मध्येच ओढ्यातले गोटे, मध्येच उघडा काळा कातळ. दोन डोंगरांच्या मधल्या खिंडीत आलो की वाऱ्याचा वास बदलतो, पलीकडून कोकणची दमट हवा येते. या दिवशी माणशी तीन लिटर पाणी घेतले आणि दिसेल त्या घरी पुन्हा भरले. वाटेतल्या वाड्यांत तरुण माणूस दिसत नाही. विचारले की उत्तर एकच, "पोरं पुन्याला."

मोहरीत एका गावकऱ्याच्या पडवीत राहिलो. उद्याची वाट दाखवायला त्यांनीच यावे असे ठरले. ते म्हणाले, "द्या काय द्यायचं ते." आम्ही म्हणालो, तसे नाही, आधी मजुरी सांगा. त्यांनी सांगितली, आम्ही वहीत लिहिली आणि अर्धी त्याच वेळी हातावर ठेवली. वाट दाखवणे हे फुकटचे काम नव्हे. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते असल्याच फुकटच्या कामाविरुद्ध. मुलांना पडवीत ते समजावून सांगितले. आठ दिवस आधी वाचनालयात सांगितले होते तेव्हा निम्मी पेंगत होती, इथे कोणी पेंगले नाही.

मंगळवारी पहाटे साडेपाचला निघालो. रायलिंग पठारावर पोचलो तेव्हा उजाडत होते. पठार एकाएकी संपते. समोर, मध्ये एक खोल दरी सोडून, लिंगाण्याचा सुळका. त्याच्या मागे धुक्यावर तरंगल्यासारखा रायगड. पायाखाली कोकण, पण खाली बघवत नव्हते. १९२७ ची परिषद आटोपल्यावर बाबासाहेब रायगड पाहायला गेले होते. त्यांनी तो महाडच्या अंगाने पाहिला, आम्ही देशाच्या अंगाने पाहत होतो.

आता उतरायचे कसे? वाटा दोन. जवळची बोराट्याची नाळ, ती रायलिंग आणि लिंगाणा यांच्या मधून कोसळते. दुसरी सिंगापूरची नाळ, जरा मागे जाऊन. कॉलेजच्या मुलांनी बोराट्याच्या नाळेचे फोटो पाहिलेले. त्यांना तीच हवी. "इतकं चाललो ते काय सोप्या वाटेनं जायला?" वाटाडे गप्प उभे होते. आम्ही त्यांना विचारले. ते म्हणाले, "तुमी चौघं पोरं असतात तर नेलं असतं. नाळंत मोठं धोंडं हाईत, पुढं कड्याच्या पोटातनं आडवं जावं लागतं. वरच्याच्या पायानं दगड सुटला की खालच्याच्या डोक्यात. अकरा मान्सं हाईत, बायामान्सं, पोर हाय. मी न्हेत न्हाई."

खरे सांगायचे तर आमच्याही मनात बोराट्याची नाळच होती. पुण्याला गेल्यावर सांगायला बरे. पण दोनच दिवसांपूर्वी पोटऱ्या धरून बसलेला माणूस कोणत्या तोंडाने हट्ट करणार? सिंगापूरची नाळ ठरली. दोन मुले तासभर बोलली नाहीत.

आणि ती "सोपी" नाळही तीन तास पुरली. नाळ म्हणजे डोंगराच्या दोन भिंतींमधली घळ. वर आकाशाची पट्टी, खाली धोंड्यांचा ढीग. पावसाळ्यात तिथून धबधबा वाहतो, उन्हाळ्या-हिवाळ्यात माणसे. इथे चालणे नसते, बसणे, वळणे, पाय सोडणे असते. वाटाड्यांनी नियम घालून दिले. एका वेळी दोघेच, मधला मोठा धोंडा गाठेपर्यंत वरच्याने हलायचे नाही. दगड सुटला तर "दगड!" म्हणून ओरडायचे, लाजायचे नाही. धोंड्यावर पाय देण्याआधी तो हलवून पाहायचा. काठी खालच्या हातात. सर्वांत उत्तम उतरली ती माऊली. कंबर खाली, हात मोकळे, घाई नाही. आम्ही विचारले, कुठे शिकलात? म्हणाली, "इमारतीवर बिगारी होते सात वर्षं. शिडीवरनं पाट्या घेऊन उतरायची. हितं तर डोक्यावर काहीच न्हाई."

न बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या पायाखालून नाळेच्या मध्यावर नारळाएवढा दगड सुटला आणि उड्या मारत खाली गेला. खाली कोणी नव्हते, कारण नियम पाळला होता. त्यानंतर तो मुलगा बोलू लागला.

बाराच्या सुमारास दापोली गावात पोचलो. ही रत्नागिरी जिल्ह्यातली प्रसिद्ध दापोली नव्हे, सह्याद्रीच्या पायथ्याचे छोटे गाव. वाटाड्यांची उरलेली मजुरी दिली. ते चहा पिऊन त्याच नाळेने परत चढून गेले, संध्याकाळी म्हशींचे दूध काढायचे होते. जायच्या आधी मागे वळून पाहिले तर ज्या भिंतीवरून आलो तिच्यात वाट आहे असे कोणाला वाटणार नाही.

ज्या बंधू-भगिनींना हा मार्ग करावासा वाटेल, त्यांना अनुभवाचे चार शब्द. नोव्हेंबरचा शेवट ते फेब्रुवारी हे दिवस बरे, पावसाळ्यात नाळेचे नाव काढू नये. रबरी नक्षीच्या तळव्याचे, आधी महिनाभर वापरलेले बूट घालावेत. आमच्यात नवे बूट घेणारे दोघे फोडांनी बेजार झाले. भगिनी तिघी तरी असाव्यात, म्हणजे वाटेत एकमेकींची सोय होते. चार दिवस जमत नसतील तर सिंहगड ते विंझर एवढी धार रविवारी होते, आणि विंझरला वाहन मिळते. मोहरीच्या पुढे मात्र स्थानिक माणूस घेतल्याशिवाय एक पाऊल टाकू नये, आणि त्याची मजुरी आधी ठरवावी.

गावातून एक जीप ठरवून महाडला साडेतीनला पोचलो. चवदार तळ्यावर पुण्या-मुंबईच्या गाड्यांतून उतरलेली गर्दी होती. सूज आल्यामुळे कोणाचे बूट पायातून निघेनात, तसेच अभिवादन केले. शेजारच्या एका ताईंनी आमच्या धुळीने माखलेल्या कपड्यांकडे बघून विचारले, "गाडी वाटेत बंद पडली का?"

रात्रीच्या एसटीने ताम्हिणी घाटातून परत आलो. चार दिवसांत उतरलेला डोंगर एसटी काही तासांत चढून गेली, त्यातले आम्ही काहीच पाहिले नाही, सारे झोपलेलो होतो. बुधवारी सकाळी दहाला मस्टरवर सही केली. ऑफिसचा जिना मात्र पुढचे तीन दिवस कठडा धरून, पाठमोरा उतरावा लागला.